तिथी अज्ञात, हिशेब चोख

जालना जिल्ह्यातील आष्टीच्या बाजारपेठेत पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यास प्रत्येक उधारीची मुदत ठाऊक असते; स्वतःच्या आयुष्याची नसते. ती कळावी काय?

याच मराठवाड्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री आचार्य शांतिसागर महाराजांनी १४ ऑगस्ट १९५५ रोजी सल्लेखना स्वीकारली. दृष्टी क्षीण झाल्याने जीवरक्षा करीत चालणे कठीण झाले होते. ३६ व्या दिवशी, १८ सप्टेंबरला, त्यांची समाधी झाली. सल्लेखनेत अंत समीप असल्याचे भान असते. पण तिथीची ओढ नसते. तत्त्वार्थसूत्राने तिचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत जगण्याची आकांक्षा जसा दोष, तशीच मरणाची आकांक्षाही दोषच.

गृहस्थासाठी कर्मसिद्धांताचे सांगणे याहून सूक्ष्म आहे. मनुष्याचे दोन-तृतीयांश आयुष्य सरल्यावर पुढील भवाच्या आयुष्याचा बंध संभवतो. एकूण आयुष्यच अज्ञात असल्याने तो क्षणही अज्ञात; म्हणून प्रत्येक दिवशी परिणाम निर्मळ हवेत.

तिथी कळली असती, तर सख्ख्या भावाची क्षमा मागणेही आपण आदल्या दिवसापर्यंत लांबविले असते. ती कळत नाही, म्हणूनच क्षमापना आजची असते.