उत्तर न देणाऱ्यांचे मत
- विशेष प्रतिनिधी

१ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्याचे मतदान संपले आणि त्याच संध्याकाळी वृत्तवाहिन्यांवर मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे झळकू लागले. बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या. काहींनी तर चारशेचा पल्लाही गाठून दिला. ४ जूनला मतमोजणी झाली तेव्हा आघाडी २९३ जागांवर थांबली. वीस वर्षांपूर्वी, २००४ मध्येही चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीलाच पुढे ठेवले होते आणि मतदारांनी सत्तांतर घडवले.

अशा प्रत्येक फजितीनंतर नमुना किती मोठा होता, याचीच चर्चा होते. वस्तुतः विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. ज्यांनी उत्तर दिले नाही किंवा ज्यांच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नाही, ते लोक कोण होते?

तेवीस लाखांचा फसवा आकडा

नमुन्याच्या आकारावर विसंबणे किती घातक ठरते, याचा धडा अमेरिकेत १९३६ मध्येच मिळाला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे लँडन यांच्या विजयाचे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते ते वर्गणीदार, दूरध्वनीधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात हे सारे सुस्थितीतले लोक. त्यातही तीनचतुर्थांशांहून अधिकांनी उत्तर पाठवलेच नाही. जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुना घेऊन निकाल अचूक वर्तवला. याच गॅलप यांचा अंदाज १९४८ मध्ये मात्र साफ चुकला, हेही विसरता येत नाही.

पद्धत बदलली की माणसे बदलतात

माहिती गोळा करण्याची प्रत्येक पद्धत कोणाला तरी वगळते. टपालाने पाठवलेली प्रश्नावली स्वस्त पडते. पण ती वाचता येणाऱ्याच्या आणि सवड असणाऱ्याच्याच हाती टिकते. दूरध्वनीवरून काम झटपट होते. पण कर्ज आणि विमा विकणाऱ्यांनी लोकांना इतके त्रासवले आहे की अनोळखी क्रमांक उचललाच जात नाही. शिवाय उत्तर देणाऱ्याच्या शेजारी कोण बसले आहे, हे विचारणाऱ्याला दिसत नाही.

ऑनलाइन प्रश्नावलीत तर ज्याला हौस आहे तोच भाग घेतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. ऑनलाइन कौलात कोण गैरहजर असतात, हे सांगणारी ही आकडेवारी घरोघरी जाऊन, समोरासमोर बसून मिळवलेली आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या या पाहणीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची माहिती घेण्यात आली. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला आणि तेही एकांत मिळाला तरच विचारले जातात. ही दक्षता फोनवर किंवा संगणकाच्या पडद्यावर घेता येत नाही.

बंद दार

मात्र प्रत्यक्ष मुलाखतीचीही वाट शहरात अडते. झोपडपट्टीत प्रगणकाला बसायला पाट मिळतो. उंच इमारतीत त्याला पहारेकऱ्याच्या टेबलापाशीच थांबावे लागते. नकार देणाऱ्या कुटुंबाऐवजी दुसरे कुटुंब निवडण्याची सोय असते, त्यामुळे संख्या भरून निघते. पण नकार देणारे बहुधा एकाच थरातले असतील, तर त्या थराचे जगणे आकडेवारीतून निसटते आणि संख्या पूर्ण असूनही चित्र अपुरे राहते.

याचा फटका कागदापुरता नाही. महागाईच्या निर्देशांकात धान्याला किती आणि घरभाड्याला किती भार द्यायचा, हे घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीवरून ठरते. २०२२-२३ मध्ये या पाहणीसाठी २ लाख ६१ हजार ७४६ कुटुंबांकडे प्रत्येकी तीन वेळा जावे लागले. त्यांत १ लाख ६ हजार ७३२ कुटुंबे शहरी होती. महागाईचा सरकारी आकडा आपल्या घरखर्चाशी जुळत नाही, अशी तक्रार मध्यमवर्ग नेहमी करतो. परंतु त्या घरखर्चाची नोंद घ्यायला आलेल्या माणसाला अनेकदा तोच वर्ग परत पाठवतो.

फसवणुकीच्या प्रकारांमुळे वाढलेला संशय रास्त आहे. म्हणून ओळखपत्र पाहावे, कार्यालयाकडे खातरजमा करावी. तसेच कोणताही कौल वाचताना किती जणांना विचारले एवढ्यावरच न थांबता कसे विचारले आणि किती जणांनी नकार दिला, हेही पाहावे. नकार किती आले, हे जो कौल सांगत नाही, त्याच्या टक्केवारीवर फार भिस्त ठेवू नये.