'कंपॅटिबल नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

धुळ्याला देवपुरात माझे मामा राहतात. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो, तर फराळाच्या आधी माझ्या हातात एक कोटेशन आलं. नवीन असेंबल्ड पीसी, मॉनिटरसकट, ६२ हजार रुपये. खाली दुकानदाराने पेनने लिहून दिलं होतं, 'मदरबोर्ड जुना आहे, ग्राफिक्स कार्ड कंपॅटिबल नाही.' मामा पतसंस्थेतून कर्ज काढायच्या बेतात होते. मामेबहीण कोपऱ्यात गप्प बसून होती, कारण ते न चालणारं कार्ड तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून, साडेतीन हजारांना, ऑनलाइन मागवलं होतं.

मला त्या दोन शब्दांशी भांडायचं आहे. 'कंपॅटिबल नाही' हे आपण डॉक्टरने सांगितलेल्या निदानासारखं मुकाट ऐकतो. काय कशाशी जुळत नाही, हे कोणी विचारत नाही. पिन जुळत नाही, की वीज पुरत नाही, की कंपनीने ड्रायव्हर द्यायचा बंद केला, की मुळात वस्तूच खोटी आहे? चारही प्रकरणं वेगळी आहेत, चारींत दोष वेगवेगळ्या लोकांचा आहे. सगळ्यांना एकच शब्द लावला की दोष कोणाचाच राहत नाही आणि बिल मामांच्या नावाने फाटतं.

आधी मशीन सांगतो. आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, मध्ये कधीतरी मीच बसवलेली एसएसडी. २०१२ साली मामेभावासाठी घेतलेला सीपीयू. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार.) बहिणीने यंदा अ‍ॅनिमेशनच्या तीन वर्षांच्या डिग्रीला प्रवेश घेतलाय आणि तिला ब्लेंडर शिकायचंय. ब्लेंडर फुकट आहे, पण ४.० आवृत्तीपासून त्याला ओपनजीएल ४.३ लागतं. आय५-२४०० च्या पोटात इंटेलचं जे ग्राफिक्स आहे ते विंडोजवर ३.१ ला थांबतं. म्हणून ब्लेंडर उघडतच नव्हतं. म्हणजे वेगळं कार्ड बसवावं लागेल हा तिचा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण नंतर घरात सगळ्यांनी तिलाच वेड्यात काढलं.

आता कार्ड. खोक्यावर लिहिलेलं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. मी ते उलटं करून मागची पोर्ट्स पाहिली. एचडीएमआय, डीव्हीआय आणि त्यांच्या शेजारी निळं व्हीजीए. तिथेच शंका आली. एनव्हिडियाने २०१६ च्या पास्कल पिढीपासून चिपमधलं अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलं, आणि १०५० टीआय त्याच पिढीचं कार्ड. मग हे व्हीजीए पोर्ट आलं कुठून? जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावापुढे त्याने सरळ 'फेक' असं दाखवलं. आतली चिप निघाली जीएफ११६, जी २०११ मध्ये जीटीएक्स ५५० टीआय या नावाने विकली जायची. मेमरी चारऐवजी एक जीबी. कोणीतरी जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये नवं नाव भरून ते पुन्हा खोक्यात घातलं होतं. हा धंदा इतका जुना आहे की जीपीयू-झेडला अशी कार्डं पकडायची सोय २०१८ मध्येच करावी लागली.

दुकानात काय झालं होतं ते बहिणीने सांगितलं. ड्रायव्हर टाकला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' यायचा. मग फॉरमॅट मारला. पुन्हा कोड ४३. पुन्हा फॉरमॅट. तीन फॉरमॅटचे ९०० रुपये. रॅम खोडरबरने घासून दिली, तेवढी फुकट. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. पण पाच मिनिटांची तपासणी न करता कागदावर जे उतरलं, त्याने खोटं कार्ड विकणारा सुटला आणि तेरा वर्षं बिनतक्रार चाललेला मदरबोर्ड आरोपी ठरला.

बनावट कार्डवाला निदान लपून करतो. मोठ्या कंपन्या उघड करतात, त्याचं काय? जीटी ७३० हे कार्ड २०१४ चं. या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या, काहींत फर्मी, काहींत केप्लर. फर्मीला नियमित ड्रायव्हर मिळणं २०१८ मध्ये थांबलं, केप्लरला २०२१ मध्ये. खोक्यावर ठळक अक्षरांत नाव मात्र एकच. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आरएक्स ५८० ची कमी ताकदीची '२०४८एसपी' आवृत्ती काढली. ती आपल्याकडे ऑनलाइन शेपूट कापून नुसती '५८०' म्हणून विकायला दिसते. जळगावच्या सराफ बाजारात कोणी १८ कॅरेटच्या दागिन्यावर २२ चा शिक्का मारून विकला तर लोक दुकानाचं शटर खाली ओढतील. सिलिकॉनच्या बाबतीत हेच झालं की आपण म्हणतो, 'तुम्ही घेताना नीट रिसर्च केला नाही.'

असो. जळगावात एका कॉलेजच्या मुलाने त्याचं १०५० टीआय विकायला काढलं होतं. पारोळा, एरंडोल करत एसटीने गेलो, त्याच्या घरी कार्ड चालू अवस्थेत पाहिलं, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट घेतला आणि ५ हजार देऊन संध्याकाळी धुळ्याला परत. मोठ्या ऐटीत कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी.

"मंग, आते?" मामा म्हणाले. कोटेशन अजून टेबलावरच होतं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याही तोंडात तेच दोन शब्द आले होते. मग मॉनिटरकडे नजर गेली. मामांच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए. आणि खऱ्या १०५० टीआयमध्ये अ‍ॅनालॉग सिग्नलच नाही, हे दोन दिवसांपूर्वी मीच सगळ्यांना ज्ञान पाजळत सांगितलं होतं. घरात डीव्हीआयला लावायचा एक जुना व्हीजीए जोड होता, पण तो नुसत्या तारा जोडतो, सिग्नल बदलत नाही. शिवाय त्याच्या चार जादा पिनांना या कार्डाच्या डीव्हीआयमध्ये भोकंच नाहीत. हवा होता आत चिप असलेला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर. ३०० रुपये. दुसऱ्या दिवशी तो लावला आणि डिस्प्ले आला.

तासाभराने बहिणीने पहिला रेंडर लावला आणि सीपीयू धाडकन रिस्टार्ट झाला. दुसऱ्यांदाही तसंच. या वेळी मी एसएमपीएस बाहेर काढून त्यावरचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १२ अँपिअर, म्हणजे १४४ वॅट. प्रोसेसर पूर्ण ताकदीने ९५ वॅट मागतो, कार्ड ७५. दोन्ही प्रामुख्याने याच १२ व्होल्टवर जगतात. बेरीज १७०. अकरावीच्या फिजिक्सचं गणित आहे, पण ४५० चा आकडा पाहून कोणी ते करतच नाही. ऑफिसचं टायपिंग, गाणी, यूट्यूब यांत हा दोष तेरा वर्षं दिसला नाही, कारण एवढी वीज कोणी मागितलीच नव्हती. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस २,२०० ला आणला. त्या रात्री रेंडर पूर्ण झाला. बिनहँडलचा चहाचा कप होता, पण तिचा होता.

हिशोब करा. कार्ड, कन्व्हर्टर, एसएमपीएस मिळून साडेसात हजार. आणि या सगळ्यात मदरबोर्डचा दोष शून्य. पीसीआय एक्सप्रेस हा स्लॉट २००३ पासून मुळात असाच बांधलाय की नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसावं आणि दोघांना जमेल त्या वेगाने बोलावं. मामांचा स्लॉट दुसऱ्या पिढीचा, कार्ड तिसऱ्या. दोघं दुसरीच्या वेगाने बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही.

खऱ्या अडचणी असतातच. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड फक्त चार लेन वापरतं, ते जुन्या स्लॉटमध्ये चांगलंच मार खातं. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड सीपीयूमध्ये एसएमपीएस वेगळ्याच मापाचा असतो, बायोस अनोळखी कार्ड पाहून अडून बसतं. उलट बाजूने, नव्या मदरबोर्डमध्ये सीएसएम बंद असेल तर फार जुनं कार्ड स्क्रीनच दाखवत नाही. पण या प्रत्येक अडचणीला नाव आहे, जागा आहे, बोट ठेवून दाखवता येतं. दाखवा ना मग.

आता माझ्या स्वतःच्या जातभाईंकडे वळतो, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे. कारण हार्डवेअर एकमेकांशी बोलत असताना त्यांच्यात भिंत घालायचं काम आम्ही करतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी धुळ्याला पोचायच्या आठवडाभर आधी. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मामांचा दुसऱ्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे. मग पुढे काय?

याला उत्तर म्हणून माझे मित्र सुरक्षेचा मुद्दा काढतात. तो खोटा नाही. अपडेट न मिळणारं मशीन इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मीही सांगेन. टीपीएमचेही खरे फायदे आहेत. पण बहिणीचं ब्लेंडर त्या चिपवाचून अडत नाही. सुरक्षेचा निकष लावून अख्खं मशीन मोडीत काढणं म्हणजे दाराची कडी जुनी झाली म्हणून वाडा पाडण्यासारखं आहे.

आणि मुदत संपली म्हणजे वस्तू संपली असंही नाही. एएमडीने २०१२ च्या आसपासची रेडिऑन एचडी ७००० मालिकेची कार्डं २०२१ मध्ये विंडोजच्या मुख्य ड्रायव्हरमधून बाहेर काढली. त्याच चिपांसाठी लिनक्समध्ये आजही ड्रायव्हर सुधारले जातायत. चिप तीच, स्लॉट तोच. एका ठिकाणी ती भंगार आहे, दुसऱ्या ठिकाणी कामाला लागलेली आहे. ड्रायव्हरचा कोड खुला आहे, म्हणून ज्याला गरज आहे तो बसून तो दुरुस्त करू शकतो.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. ऑफिसात जुन्या अँड्रॉइडवर अ‍ॅप क्रॅश होतं अशी तक्रार आली की 'हे व्हर्जन सपोर्टेड नाही' असं लिहून तिकीट बंद करायला मला अर्धा मिनिट लागतो. पलीकडे कोणाच्या मामांचा फोन असतो, हे मला दिसत नाही. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ८०८६ च्या चाळीस पिना पाठ केल्या, एकदाही सीपीयूचं झाकण उघडलं नाही. एसएमपीएसचं लेबल वाचायला शिकलो ते यूट्यूबवर, नोकरी लागल्यावर.

आमच्या खानदेशात हे बसत नाही. यावल-रावेरकडे केळीच्या बागेतली मोटर जळाली तर शेतकरी ती उचलून वायंडिंगवाल्याकडे नेतो. तो तारा काढतो, नव्या भरतो, सांगतो की बेअरिंगही गेलंय, आणि उन्हाळा असेल तर रात्रीतून मोटर परत विहिरीवर. 'मोटर तुमच्या विहिरीशी कंपॅटिबल नाही' असं म्हटलं तर लोक हसतील. तेच हात, तीच अक्कल कॉम्प्युटरच्या दुकानात का लुळी पडते? मला वाटतं, कारण मोटरची तार दिसते आणि ड्रायव्हरची मुदत दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कार्डाच्या खोक्यावर चिपचं खरं नाव आणि ड्रायव्हर कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते छापा. बिस्किटाच्या पुड्यावर छापता येतं. ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात कचरा झाल्यावर तो कोणी रिसायकल करायचा याची उद्दिष्टं आहेत. वस्तू कचरा कोणत्या तारखेला ठरते आणि ठरवतं कोण, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आणि तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे ते बघा, म्हणजे मी फक्त जुन्या डब्यांबद्दल बोलत नाहीये हे लक्षात येईल.

दरम्यान ते ६२ हजारांचं कोटेशनही आता तेवढ्यात मिळत नाही. वर्षाअखेरीला रॅमचे भाव भडकले, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरना माल देण्यात गुंतले. डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मामांच्या ८ जीबी डीडीआर३ ला त्याचं काही सोयरसुतक नाही.

निघायच्या आदल्या रात्री मामांनी विचारलं, "हे कार्ड तरी किती वर्षं?" मी सांगितलं, एनव्हिडियाने या पिढीचा शेवटचा नियमित ड्रायव्हर याच ऑक्टोबरात दिला, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. मामा बोटांवर मोजायला लागले. मग म्हणाले, "पोरीची डिग्री २०२८ च्या मेमध्ये संपते." आणि कोटेशन उलटं करून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहायला घेतली.