मुलीला एम.पी.एच. करायचंय?

"डॉक्टर, एम.बी.बी.एस. झाली आणि आता एम.पी.एच. म्हणते. म्हणजे दवाखाना नाहीच का?" माहीमला पालक मला विचारतात. माझं मत : करू द्या.

सार्वजनिक आरोग्याच्या या पदवीत एका रोग्याचा आजार नव्हे, तर तोच आजार एखाद्या वस्तीत ठाण मांडून का बसतो, हे शोधायला शिकवतात. आपल्या माहीमचंच घ्या. २०१२ साली इथल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार टीबी रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. चुकीचे, अर्धवट उपचार आणि कोंदट खोल्या यांना चिठ्ठीवर कुठलं औषध लिहून देणार?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हीच पदवी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला घेऊन गडचिरोलीला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

मात्र परदेशासाठी कर्ज काढण्याआधी देवनारची 'टिस' बघा. तिथेही हा अभ्यासक्रम आहे. आणि मुलीला विचारा, कुठला प्रश्न सोडवायचाय? उत्तर सुचत नसेल, तर आधी वर्षभर पालिकेच्या दवाखान्यात काम कर म्हणावं.