आधी दोष शोधा, मग पार्ट बदला

आमच्या वस्तीतला एक मुलगा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून दुबईला गेला. तिथे तो एका गॅरेजात कामाला आहे. परवा सुटीवर आला तेव्हा पेढे घेऊन आमच्या घरी आला आणि बोलता बोलता त्याने एक प्रसंग सांगितला. आज आपल्या कितीतरी घरांतली मुले तेला-ग्रीसात हात घालून संसाराला हातभार लावीत आहेत. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचावी म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

प्रसंग एका जुन्या स्पोर्ट्स कारचा. तिच्या मागच्या झाकणावर एक आडवी फळी असते, तिला स्पॉयलर म्हणतात. गाडी सावकाश चालली असता फळी झाकणात बसून राहते, वेग वाढला की आपोआप वर उठते. या गाडीची फळी उठत नव्हती आणि चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा पेटून राहिला होता. फोरमनने वरवर पाहिले आणि सांगितले, "मोटर जळाली. नवीन मागवा."

श्रीमंताच्या गाडीची शोभेची फळी, उठली काय अन् न उठली काय, असे आम्ही सहज म्हणालो. मुलगा हसून म्हणाला, "काका, वादळात आपण पत्र्यावर दगड का ठेवतो?" आम्ही गप्प झालो. पत्र्यावरून वारा जोरात गेला की पत्रा वर उचलला जातो. गोलसर पाठीच्या गाडीचेही भरधाव वेगात तसेच होते. मागची चाके हलकी पडतात आणि गाडीचा तोल जाऊ शकतो. ती फळी हा वरचा ओढा कमी करते.

हे नुसते पुस्तकी नाही. ऑडी कंपनीची टीटी ही गाडी १९९८ साली आली तेव्हा तिला स्पॉयलर नव्हता. जर्मनीत अतिवेगात तिचे अपघात झाले, त्यांत माणसेही दगावली. तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून स्पॉयलर बसवला, शिवाय गाडीचा तोल सांभाळणारी इतर दुरुस्तीही केली. पोर्शे कंपनीने १९८९ च्या ९११ गाडीला विजेवर उठणारी फळी दिली. ती ताशी ८० किलोमीटरच्या सुमारास उठते. तेव्हा इशाऱ्याचा दिवा पेटला असताना गाडी पळवणे म्हणजे जिवाशी खेळ.

आता आमच्या मुलाचे ऐका. मोटर महागडी. ती बदलूनही फळी उठली नाही, तर खापर हाताखालच्या पोरावरच फुटणार! तो फोरमनला म्हणाला, "साहेब, अर्धा तास द्या."

आधी त्याने गाडीतले हाताने चालवायचे बटण दाबले आणि कान लावला. मोटरचा आवाज नाही. फ्यूज पाहिला, तो शाबूत. मग मोटरचा प्लग काढून तिथे मीटर लावला, तर १२ व्होल्ट! फोरमन म्हणाले, "बघ, करंट येतोय. मोटरच गेली." कोणीही हेच म्हणाले असते. पण मीटरला करंट अगदी नावाला लागतो. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो. मोटरला मात्र भरपूर करंट लागतो. म्हणून त्याने प्लगवर हेडलाइटचा बल्ब लावून पाहिला. तो मिणमिणला. बल्बची अर्थिंग वेगळ्या वायरने थेट बॅटरीला जोडली, तरी मिणमिणलाच. म्हणजे करंट आणणारी वायरच कुठेतरी अधू होती. मग मोटरला बॅटरीवरून फ्यूज घातलेली वायर क्षणभर लावली, तर फळी झटकन उठली. मोटर ठणठणीत!

झाकणाच्या बिजागरीजवळ वायर हलवली तसा बल्ब उघडझाप करू लागला. रबरी नळी सोलली तर आत तांब्याचे धागे तुटून हिरवे पडलेले. वर्षानुवर्षे झाकण उघडून मिटून वायर तिथेच वाकत होती. थोडा ढील ठेवून नवा तुकडा डाख देऊन जोडला, काम झाले. रस्त्यावर नेली तेव्हा फळी वेळेवर उठली आणि दिवाही विझला. फोरमन काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून असे काम आले की त्यालाच हाक मारू लागले.

त्याने सांगितलेल्या आणखी काही खुणा आम्ही टिपून घेतल्या. मोटरचा आवाज येतो पण फळी उठत नाही, तर मोटरपासून फळीपर्यंत फिरणारी केबल किंवा गिअर पाहावा. फळी एका बाजूने तिरकी उठते, तर त्या बाजूची केबल. बटणाने उठते पण वेगात आपोआप उठत नाही, तर मोटर चांगली आहे, वेगाची खबर देणारा भाग तपासावा. फळी नीट उठते तरी दिवा जात नाही, तर टोकाला बसवलेला छोटा स्विच. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज कधीही घालू नये, वायर पेटेल. आणि फळीखाली हात घालण्यापूर्वी फ्यूज काढावा, बोटे सलामत राहतील.

आम्ही पडलो हिशेबनीस. वर्षअखेरीस ताळा जुळला नाही, तर कोणी सगळी खातेवही फाडून नवी लिहीत नाही. एकेक नोंद तपासत जावे लागते, चूक एखाद्या आकड्यातच दडलेली असते. अंदाजाने पार्ट बदलणारा मेकॅनिक दुसऱ्याच्या पैशावर शिकतो. तपासून बदलणाऱ्यावर लोक विश्वास टाकतात, आणि गरिबाच्या मुलाला त्या विश्वासाएवढे भांडवल दुसरे नाही.

ज्यांची मुले हे काम शिकत आहेत त्या आईवडिलांना आमची एकच विनंती आहे. पहिल्या पगारात त्याला एक चांगला मीटर घ्यायला लावा. आणि मीटर जे दाखवतो तेही एकदा पडताळून पाहायला सांगा.