पाच फुटी भिंत, आठ फुटी कॅमेरा

"रस्ता सगळ्यांचाच असतो ना, मग त्याचा फोटो काढला तर बिघडलं कुठे?" हे वाक्य गेल्या महिन्याभरात इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदा सविस्तर भांडूनच घ्यावं म्हणतो. ऐकवणारे सगळे घरचेच. दोन चुलतभाऊ (एक पुण्यात, एक न्यू जर्सीत), एक भाचा, आणि इथे नेमाने प्रतिक्रिया देणारी दोन-तीन मित्रमंडळी. तेव्हा मंडळी, रागावू नका, पण सोडणारही नाही.

आधी ती गाडी करते काय ते बघू. टपावर एक खांब, खांबावर चेंडूसारखा डबा, आणि त्या डब्यात चहूबाजूंना तोंडं केलेले कॅमेरे. शेजारच्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांच्या कडा एकमेकींवर येतील असे बसवलेले. गाडी ठरावीक अंतर पुढे सरकली की सगळे एकदम टिपतात. जागा कुठली ते जीपीएस सांगतं, चाकाच्या फेऱ्या मोजून त्यातली चूक सुधारतात, आणि लेसर किरण भिंती किती लांब आहेत ते मोजतात. मग संगणक कडा जुळवून सलग गोल चित्र करतो, त्यातले चेहरे आणि नंबरप्लेटी शोधून धूसर करतो. यातलं मूळ फार जुनं आहे. एमआयटीच्या लोकांनी 1978 च्या सुमारास अमेरिकेतल्या ऍस्पेन गावात गाडीच्या टपावर चार कॅमेरे लावून दर दहा फुटांवर चित्रं घेतली होती. गूगलने मे 2007 मध्ये पाच अमेरिकन शहरांपासून सुरुवात केली.

आपल्याकडे काय झालं? 2011 मध्ये बंगळुरूत गाड्या फिरायला लागल्या आणि महिन्याभरात पोलिसांनी थांबवल्या. 2013 मध्ये मुंबईच्या जेनेसिस कंपनीने 'वोनोबो' नावाचा देशी प्रयोग केला. 2016 मध्ये केंद्राच्या गृहखात्याने गूगलला नकार दिला. फेब्रुवारी 2021 च्या नियमावलीत ठरलं की असं चित्रण फक्त भारतीय कंपन्यांनीच करायचं. मग जेनेसिस आणि टेक महिंद्रा यांना सोबत घेऊन 27 जुलै 2022 ला दहा शहरं सुरू झाली. त्यात नाशिक होतं, तेव्हाचं अहमदनगर होतं. जळगाव नाही, धुळंही नाही. न्यू जर्सीवाल्या बंधूंना तेव्हा फार वाईट वाटलं होतं. "आपल्याला कोणी विचारतच नाही!"

अरे, विचारण्याचाच तर प्रश्न आहे! ही अकरा वर्षं वाद कशावर चालला? चित्र परदेशी कंपनीने काढायचं की देशी, आणि ते शत्रूच्या हाती लागेल का. ओट्यावर बसलेल्या बाईला काय वाटतं, हा मुद्दा त्या भांडणात कुठेच नाही. देशाची सुरक्षा झाली, उद्योगाचं भलं झालं. घराचं काय?

आता आमच्या आत्याची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. जळगावात तिचं जुनं बैठं घर आहे. पुढे ओटा, ओट्यापुढे पाच फुटांची भिंत. पाच फूटच का? कारण रस्त्याने चालणाऱ्याची नजर तेवढ्यात अडते. आजोबांनी ती तेवढ्याचसाठी बांधली होती. भिंतीआड ओट्यावर बायका न्हाऊन केस वाळवतात, उन्हाळ्यात बिबडे पसरतात, दुपारी पदर बाजूला टाकून लसूण सोलतात. कॅमेरा मात्र रस्त्यापासून साधारण अडीच मीटरवर असतो, म्हणजे आठ फूट. त्याला भिंत लागतच नाही. एका नकाशावर (कोणाच्या, ते सांगत नाही) आत्या केस मोकळे सोडून बसलेली दिसली. चेहरा धूसर होता हो, अगदी नियमाप्रमाणे! पण दार तेच, पितळी घंगाळ तेच, साडी तीच. आख्ख्या गल्लीने ओळखलं, आणि भाच्याने कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. आत्या कोणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या लुगड्याचा पडदा शिवला आणि ओट्याला बांधून टाकला. तेव्हापासून ओट्यावर वारा येत नाही, आणि जळगावच्या मे महिन्यात याचा अर्थ काय ते तिकडे एसीत बसलेल्यांनी सांगू नये.

यावर भाचा म्हणतो, "मामा, गावात सगळे तिला रोज बघतातच." बघतात ना. पण ती पण त्यांना बघते! धुळ्याला गल्ली नंबर 4 मध्ये एखादा अनोळखी माणूस दोन मिनिटं घुटमळला, तर कुठल्यातरी ओट्यावरून हाक येतेच, "कोनाकडे जानं शे भाऊ?" बघणाऱ्याला नाव सांगावं लागतं, काम सांगावं लागतं, नाहीतर चालू पडावं लागतं. गाडीला कोणी काय विचारणार? ती गेलेली असते. आणि तिने बघितलेलं पुसलंही जात नाही. 2014 पासून गूगलच्या नकाशावर मागच्या वर्षांची चित्रंही उघडून बघता येतात.

हे काही खान्देशी मागासलेपण नाही. जपानात लोकांनी नेमकी हीच तक्रार केली, की कॅमेरा कुंपणावरून आत डोकावतो. 2009 मध्ये गूगलने तिथले कॅमेरे 40 सेंटीमीटर खाली आणले आणि पुन्हा चित्रण करायचं कबूल केलं. जर्मनीत 2010 मध्ये वीस शहरांची चित्रं प्रसिद्ध होण्याआधीच सुमारे 2 लाख 44 हजार घरांनी "आमचं घर धूसर करा" म्हणून कळवलं होतं. त्याच वर्षी हेही बाहेर आलं, की या गाड्या जाता जाता उघड्या वाय-फायवरचा मजकूरसुद्धा गोळा करत होत्या. कंपनी म्हणाली, चुकून झालं. असो.

उपयोग नाही असं मी म्हणत नाही. रात्री ऍम्ब्युलन्सला घर सापडायला हवं, हे मान्य. (तरी ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरळ रेषेत वसवलेल्या धुळ्यात पत्ता शोधायला कॅमेरा लागत असेल, तर शोधणाऱ्याचीच तपासणी करावी.) पण ऍम्ब्युलन्सला फाटक लागतं, ओटा लागत नाही. आणि "सगळं जग दिसतं" ही तर थापच आहे. उजेड हवा, पाऊस नको, म्हणून गाडी कोरड्या दिवसाची, उन्हाची फिरते. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना दुपारी जळगावच्या रस्त्यावर कोण असतं? संध्याकाळी सुभाष चौकात पाय ठेवायला जागा नसते, ते जळगाव त्या चित्रात येणारच नाही. येईल ती बंद शटरं, एक कुत्रं, आणि भिंतीआडची आत्या.

माझं मागणं फार मोठं नाही. कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणा. गाडी कुठल्या आठवड्यात कुठल्या भागात येणार ते स्थानिक पेपरात मराठीत छापा, महानगरपालिकेच्या फळ्यावर लावा. घर धूसर करून घ्यायची सोय चित्र नेटवर चढण्याआधी द्या, नंतर नाही. जपान्यांना आणि जर्मनांना जे मिळालं, ते गल्ली नंबर 4 ला का नको, याचं उत्तर बंधूंनी द्यावं. खाली प्रतिक्रियेत दिलं तरी चालेल.

आणि हो, ज्यांना आपलं घर आत्ताच झाकायचंय त्यांच्यासाठी: गूगलच्या चित्रात समस्या कळवण्याचा दुवा असतो, तिथे घरावर चौकट ठेवून कळवता येतं. जमलं नाही तर मला निरोप टाका, करून देईन. फक्त एकदा धूसर केलेलं घर सहसा परत उघडं होत नाही, तेव्हा आधी घरातल्या बायकांना विचारा आणि मग बटण दाबा.