कर्नलमधल्या आकडेमोडीवर पहारा हवा



सायबर सुरक्षेवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हा सल्ला योग्यच आहे. पण सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारून कसे चालेल? २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ऑपरेशन ट्रायँग्युलेशन’मध्ये आयफोनवर एक संदेश येऊन पडला की पुरे होते, मालकाने तो उघडायचीही गरज नव्हती. त्या हल्ल्यातला एक दुवा होता अ‍ॅपलच्या कर्नलमधला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातला, इंटिजर ओव्हरफ्लो.

संगणकात प्रत्येक संख्येला ठरावीक जागा असते. ३२ बिटांत शून्यापासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मोजता येते. त्यात आणखी एक मिळवला की पुन्हा शून्य, हाच इंटिजर ओव्हरफ्लो, आणि पुढचा सगळा हिशेब त्या शून्यावर चालतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१६ साली सापडलेली चूक अशीच होती. एखादी वस्तू किती जण वापरत आहेत याची मोजणी एका ठिकाणी वाढवली जायची, पण कमी करायची राहून गेली होती. तीच मागणी ४२९ कोटींहून अधिक वेळा केली की मोजणी शून्यावर यायची. कोणी वापरत नाही असे समजून कर्नल ती जागा मोकळी करायचा आणि हल्लेखोर तिथे आपली माहिती घुसवून थेट ‘रूट’, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, व्हायचा. साध्या लॅपटॉपवर याला अर्धा तास पुरला. चूक मात्र २०१२ पासून तशीच होती.

यावर ‘प्रोग्रामरने काळजी घ्यावी’ असे म्हटले जाते. मला हेच पटत नाही. लिनक्सच्याच कर्नलमधली, २०२२ च्या जानेवारीत जाहीर झालेली सीव्हीई-२०२२-०१८५ ही त्रुटी पाहा. तिथे काळजी घेतलेली होती. ४०९६ बाइटांच्या बफरमधून २ आणि आधी वापरलेली जागा वजा करायची, नवा मजकूर त्याहून मोठा असेल तर नाकारायचा, अशी अट लिहिलेली होती. पण वापरलेली जागा ४०९५ असली की उत्तर येते उणे एक. चिन्हरहित संख्येत उणे एक मावत नाही. तो ६४ बिटांतला सर्वांत मोठा आकडा बनतो. मग कितीही लांब मजकूर आला तरी तो ‘मावतो’. दुरुस्ती काय, तर वजाबाकी काढून त्याच अटीत बेरीज लिहिली. राखणदारच फितूर झाला तर लिहिणाऱ्याने आणखी कोणती काळजी घ्यायची?

म्हणून मर्यादा ओलांडणारी आकडेमोड आपोआप पकडली गेली पाहिजे, आणि जिथे संख्या फिरून यावी असा हेतू आहे तिथे तो लिहिणाऱ्याने स्पष्ट नोंदवावा. २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या सुरक्षेवर काम करणारे कीस कुक यांनी या दिशेचा प्रस्ताव मांडला तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी कडाडून विरोध केला. चिन्हरहित संख्या फिरून येणे सी भाषेच्या नियमांत बसते आणि अनेक ठिकाणी ते मुद्दाम वापरले जाते, हा त्यांचा मुद्दा खराच आहे. हॅशिंगला आणि टीसीपीच्या क्रमांकांना ते लागतेच. पण अशा जागांवर खूण करणे अशक्य नाही. वेगाचा आक्षेपही जुना आहे. वापर मोजणाऱ्या आकड्यांसाठी २०१७ मध्ये ‘रेफकाउंट’ हा वेगळा प्रकार आणला तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला होता. ती मोजणी आता टोकाला पोचली की तिथेच थांबते, शून्यावर येत नाही. आणि कर्नल काही रखडला नाही.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना सी शिकवतो. ‘इंट’ची कमाल मर्यादा त्यांना तोंडपाठ असते, ती ओलांडली तर काय होते, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. हीच मुले उद्या फोनचे आणि बँकांचे सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. विद्यापीठांनी निदान प्रात्यक्षिकांत कंपायलरची ओव्हरफ्लो तपासणी सुरू ठेवणे सक्तीचे करावे. त्याला खर्च काहीच नाही, पहिल्या सत्रापासून करता येईल.

– एक प्राध्यापक, सांगली