वाड्याचा जमाखर्च

पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांपैकी थोडेच पुढे जाऊन सुधागड चढतात. जे चढतात, ते माथ्यावरील पंतसचिवांच्या वाड्यात रात्र काढतात आणि गतवैभवाच्या गोष्टी मनात घेऊन उतरतात. या गोष्टींत धनी असतो, त्याची वंशावळ असते. ज्यांच्या धान्यावर हे वैभव पोसले गेले, ती माणसे मात्र नसतात.

हे घराणे शंकराजी नारायण यांचे. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना त्यांनी बजावलेली कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. परंतु सचिव म्हणजे राज्याचे दफ्तर व जमाखर्च तपासणारा प्रधान, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे शाहू महाराजांच्या काळात चौथाईतील शेकडा ६ हिस्सा, म्हणजे ‘साहोत्रा’, या घराण्याकडे आला. पदाचा मोबदला वंशपरंपरेचा हक्क झाला, हक्काचे भोर संस्थान झाले आणि सुधागडचा मुलूख १९४८ पर्यंत त्या संस्थानात राहिला. राज्याचा हिशेब तपासणाऱ्या घराण्याच्या वाड्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर असा प्रत्येक वाडा म्हणजे कष्टकऱ्यांकडून घेतलेल्या वरकड उत्पन्नाचे दगडलाकडात झालेले रूपांतर होय.

तो हिशेब प्रथम मागितला तो शेजारच्या खोती मुलखातील कुळांनी. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसता संप केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारा कूळ कायद्याने मालक ठरला.

पण मालक ठरला तो ज्याचे नाव कूळ म्हणून दफ्तरी होते तो. रानात, कोळशाच्या भट्टीवर आणि दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या कातकऱ्याचे नाव कोठेच नव्हते. आजही या भागातील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर उभ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही घराखालची जमीन त्यांची नाही; जमिनीचा भाव वाढला की प्रथम संकट येते ते त्यांच्या झोपडीवर. कूळकायद्यातच घराखालच्या जमिनीसंबंधी तरतुदी आहेत. परंतु अर्ज करणारा आणि तो रेटणारा, दोघेही हवेत.

वाडा मोडावा, असे कोणी म्हणणार नाही. तो जपला पाहिजे; कारण तो जनतेच्या श्रमाचा ठेवा आहे. परंतु धन्याने सोडलेल्या घराच्या तुळया जपावयाच्या आणि नांदत्या घराखालची जमीन काढून घेतली जात असता गप्प राहावयाचे, हा कसला इतिहासप्रेमाचा न्याय?

कार्यकर्त्यांनी सुधागडावर अवश्य जावे. मात्र उतरताना पायथ्याच्या वाड्यांत थांबावे, घरांची यादी करावी, सातबारा पाहावा आणि अर्ज भरून द्यावेत. वाड्याच्या इतिहासाचे उरलेले प्रकरण तेथेच लिहावयाचे आहे.